जर्मनीचा राष्ट्रीय दिन: ३ ऑक्टोबर चुकला, ९ नोव्हेंबरच हवा होता?

बर्लिनचा_बापू
जर्मनीत माझं हे सहावं वर्ष. इथला राष्ट्रीय दिन म्हणजे ३ ऑक्टोबर, १९९० ला पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले तो दिवस. दुकानं बंद, त्यामुळे आदल्या संध्याकाळी दूध-पाव आणून ठेवायचा, की झाला साजरा. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना विचारलं, ३ ऑक्टोबर १९९० ला तुम्ही काय करत होतात? आठवेना. मग ९ नोव्हेंबर १९८९ विचारलं. तासभर जिन्यातच उभा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे, राष्ट्रीय दिन ९ नोव्हेंबर हवा होता. १९८९ ला बर्लिनची भिंत त्या रात्री उघडली. १९१८ ला याच तारखेला कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, गादी गेली आणि सोशल डेमोक्रॅट नेता शाइडेमानने राइशस्टागमधून, म्हणजे संसदभवनातून, प्रजासत्ताक जाहीर केलं. दोनेक तासांनी डाव्या क्रांतिकारक लीबक्नेश्टने राजवाड्यापाशी आपलं वेगळं समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं, ते निराळं. एका दुपारी दोन! त्याआधी १८४८ ला फ्रँकफुर्ट संसदेचा सभासद रोबर्ट ब्लूम, सभासदाला संरक्षण असतानाही, व्हिएन्नात याच दिवशी गोळ्या घालून मारला गेला. इतकं सगळं सोडून ही कारकुनी तारीख कशाला?

मीठभाकर
साफ असहमत. १८४८, १९१८, १९८९ मोजलंत आणि १९३८ वर बरोबर उडी मारलीत. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला नाझींनी देशभर ज्यूंवर हल्ले केले. त्या रात्री आणि पुढच्या दिवशी १४०० हून जास्त सिनेगॉग आणि प्रार्थनाघरं उद्ध्वस्त केली गेली. सुमारे ३०,००० ज्यू पुरुष डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेनच्या छावण्यांत डांबले गेले. फुटलेल्या काचांचा विमा सरकारने जप्त केला आणि वर ज्यूंवरच १ अब्ज राइशमार्कांचा दंड ठोकला. त्या संध्याकाळी तुम्ही बिअर घेऊन नाचणार?

फाइलमास्तर
कारकुनी तारखेबद्दल थोडं. पूर्व जर्मनीच्या संसदेने २३ ऑगस्ट १९९० ला विलीनीकरणाचा ठराव केला, बाजूने २९४, विरोधात ६२. दिवस निवडताना दोन अडचणी होत्या. युरोपातल्या देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक २ ऑक्टोबरपर्यंत होती, तिथे आधी कळवायचं होतं. आणि ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचा ४१ वा वाढदिवस आला असता, तो कुणालाच नको होता. मधला पहिला मोकळा दिवस ३ तारीख. मला तरी यात कमीपणा वाटत नाही. रक्त न सांडता, मतं मोजून झालेलं काम आहे.

बर्लिनचा_बापू
@मीठभाकर, १९३८ विसरलो नाही, म्हणून तर ती तारीख म्हणतोय. माझ्या इमारतीसमोर फूटपाथमध्ये तीन पितळी दगड बसवलेत, तळहाताएवढे. ‘इथे राहत होते’, खाली नाव, जन्मसाल, कुठल्या छावणीत नेलं. गेल्या ९ नोव्हेंबरला एक शाळकरी पोरगी गुडघे टेकून ते घासत होती, आपण पितांबरीने समई घासतो तशी. चकचकीत केले आणि बाजूला मेणबत्ती ठेवली. आनंद आणि शोक एका दिवसात मावतात हो. आपण १ मेला हुतात्मा चौकात फुलं वाहतो आणि शिवाजी पार्कात संचलनही करतो की.

मीठभाकर
उदाहरण गंडलंय. हुतात्मा चौकातली माणसं ज्यासाठी गेली, त्याचाच आपण १ मेला आनंद करतो. १९३८ ला मारणारं सरकार जर्मनीचंच होतं आणि मेलेल्यांना भिंतीशी काही देणंघेणं नव्हतं. ती पोरगी दगड घासत होती, कारण त्या दिवशी बँड वाजत नव्हता.

जुनी_वही
इथे ९ नोव्हेंबरला ‘शिक्साल्सटाग’ म्हणतात, म्हणजे नियतीचा दिवस. मला या शब्दाचाच राग आहे. आपल्याला तिथी-मुहूर्ताचं वेड, त्यामुळे ऐकायला छान वाटतं. पण यात नियती किती? १९१८ च्या क्रांतिकारकांना हिटलर ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ म्हणून शिव्या घालायचा. १९२३ ला याच तारखेला म्युनिकमधला त्याचा उठाव फसला, १६ साथीदार आणि ४ पोलीस मेले. सत्ता आल्यावर नाझींनी त्याचं वर्षश्राद्ध सुरू केलं. १९३८ ला त्याच कार्यक्रमासाठी सगळी जुनी मंडळी म्युनिकच्या टाउन हॉलमध्ये जमलेली असताना पॅरिसमध्ये गोळी लागलेला राजदूतावासातला अधिकारी मेल्याची बातमी आली, प्रचारमंत्री गोबेल्सने भाषण ठोकलं आणि तिथूनच ज्यूंवरच्या हल्ल्यांसाठी फोन गेले. म्हणजे एक तारीख दुसरीवर मुद्दाम रचलेली आहे. नियती म्हटलं की फोन करणारे सुटतात.

बर्लिनचा_बापू
हा मुद्दा पटला. पण १९८९ चं काय? ते तर शुद्ध अपघाताने घडलं. पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा नेता शाबोव्स्की, हातात चिठ्ठी, पश्चिमेकडे प्रवासाला मोकळीक देणारा नवा नियम दुसऱ्या दिवसापासून लागू होणार हे त्याला ठाऊकच नाही, पत्रकाराने विचारलं कधीपासून, तर म्हणाला लगेच.

जुनी_वही
अपघात पत्रकार परिषदेपुरता. पुढे बर्लिनमधल्या बोर्नहोल्मर श्ट्रासच्या सीमानाक्यावर हाराल्ड येगर नावाचा अधिकारी वर फोन करत राहिला. आदेश काय आला, तर जास्त आरडाओरडा करतील त्यांना सोडा आणि पासपोर्टवर फोटोच्या वर शिक्का मारा, म्हणजे परत येता येणार नाही. एक जोडपं थोडं फिरून परत आलं. पोरं घरी झोपलेली! त्याने त्यांना आत घेतलं. साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटकच उघडलं. याला अपघात म्हणायचं?

लाइपझिगकर
तुम्ही सगळे बर्लिनमध्येच अडकलात. ९ ऑक्टोबर १९८९, पूर्व जर्मनीतलं लाइपझिग. सत्तरेक हजार माणसं सरकारविरोधात रस्त्यावर, सशस्त्र पोलीस तयार, आणि एक गोळी सुटली नाही. ते झालं नसतं तर येगरच्या फाटकापुढे गर्दी जमलीच नसती. माझं मत ९ ऑक्टोबरला.

मीठभाकर
याला मात्र +१. आनंद करायचा तर तिथे करा.

बर्लिनचा_बापू
लाइपझिगकर, तुमची तारीख चांगली आहे, पण ऑफिसातल्या एकालाही माहीत नव्हती. आज जेवताना विचारलं. आजोबांना विचारतो उद्या.