‘दुसरा आलास? म्हणजे हरलास!’ हे घोषवाक्य कर्मचाऱ्यांनी अंगावर वागवावे का?

प्रश्न : ऐरोलीकर

खेळाचे बूट आणि कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या ऐरोली येथील विभागीय कार्यालयात मी विक्री विभागात काम करतो. या हंगामाच्या जाहिरातमोहिमेसाठी कंपनीने ‘दुसरा आलास? म्हणजे हरलास!’ हे घोषवाक्य निवडले आहे. ते फलकांवर झळकले तेव्हा कार्यालयात फारशी चर्चा झाली नाही. मात्र गेल्या महिन्यात हेच वाक्य आमच्या मजल्यावर, मासिक टार्गेटचा तक्ता ज्या भिंतीवर असतो तिथे तक्त्याच्या बरोबर वर, मोठ्या काळ्या अक्षरांत रंगवण्यात आले. शिवाय ठाण्यातील दुकानांत काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना ते छापलेला टी-शर्ट रोज घालणे बंधनकारक झाले.

प्रतिक्रिया निरनिराळ्या आहेत. नव्याने रुजू झालेली काही मुले त्या भिंतीसमोर उभी राहून हौसेने फोटो काढतात. तक्त्यात कायम दुसरी किंवा तिसरी असणारी, कामाला अतिशय चोख असलेली माझी एक सहकारी आता खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ करून बसते. सफाईचे काम करणाऱ्या मावशींनी हे काय लिहिले आहे असे विचारले आणि अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “दुसरा नंबर आला तर आम्ही पेढे वाटतो की!” दुकानातला प्रसंग मला अधिक अस्वस्थ करतो. शालेय स्पर्धेत धावण्यात दुसऱ्या आलेल्या मुलाला बक्षीस म्हणून बूट घ्यायला एक वडील आले होते. काउंटरवरच्या आमच्या विक्रेत्याच्या छातीवरचे वाक्य त्या लहानग्याने मोठ्याने वाचले आणि नंतर बूट घालून पाहताना तो एक शब्दही बोलला नाही.

हे वरिष्ठांपुढे मांडायचे आहे. परंतु तसे केले की ‘याच्यात जिंकण्याची ईर्षाच नाही’ असा शिक्का बसेल आणि अप्रेझलच्या वेळी तो आडवा येईल, अशी भीती सर्वांना आहे. कसे मांडावे?

उत्तर : नौपाड्याचा जाहिरातवाला

या वळणाचे घोषवाक्य नवे नाही, आणि त्याला झालेला विरोधही नवा नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी नायकीने ‘तुम्ही रौप्य जिंकत नाही, तुम्ही सुवर्ण गमावता’ अशा अर्थाची जाहिरात केली होती. नायकी त्या स्पर्धेची अधिकृत प्रायोजकही नव्हती. ऑलिम्पिक समितीचे पदाधिकारी या जाहिरातीवर चिडले, आणि ते योग्यच होते. दहा हजारांहून अधिक खेळाडू आणि २७१ क्रीडाप्रकार असलेल्या त्या स्पर्धेत सुवर्णपदकाविना परतणाऱ्यांची संख्या किती प्रचंड असेल, हे वेगळे सांगायला नको. आपल्या लिएंडर पेसने टेनिसचे कांस्यपदक मिळवले ते त्याच अटलांटात. भारताचे त्या स्पर्धेतले ते एकमेव पदक होते.

आता त्याच कंपनीचे १९८८ चे उदाहरण पाहा. ‘जस्ट डू इट’ हे घोषवाक्य ज्या जाहिरातीतून प्रथम लोकांसमोर आले, तिच्यात वॉल्ट स्टॅक नावाचे ऐंशी वर्षांचे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून धावताना दिसतात आणि रोज सकाळी आपण सतरा मैल धावतो असे सांगतात. त्यात कोणी पहिला नाही, कोणी दुसरा नाही. ते वाक्य आजही टिकून आहे, कारण पदकाच्या वाटेला कधीही न जाणाऱ्या माणसालाही ते आपले वाटते. उपवन तलावाभोवती पहाटे चालणारी माणसे हीच तुमची खरी गिऱ्हाईके आहेत. वरिष्ठांशी बोलताना भावनेआधी हा धंद्याचा मुद्दा पुढे ठेवा. रिबॉकला २०१२ मध्ये जर्मनीत ‘प्रेयसीला फसवा, व्यायामाला नको’ अशा अर्थाची जाहिरात टीकेनंतर मागे घ्यावी लागली होती. धीट वाक्य आणि माणूस दुखावणारे वाक्य यांच्यातली सीमा चुकली की नावाजलेल्या कंपन्यांनाही माघार घ्यावी लागते.

उत्तर : घणसोली_सेल्स

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. मीही विक्रीत आहे आणि मला असे वाक्य आवडते. इन्सेंटिव्ह पहिल्यालाच मिळतो, बढती पहिल्यालाच मिळते. मग भिंतीवर तेच लिहिले तर किमान स्पष्टपणा तरी राहतो. खेळाडूंच्या मनातही हेच असते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील पदकविजेत्यांचे चेहरे अभ्यासून अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये असे दाखवले होते की कांस्य मिळवणारे खेळाडू रौप्य मिळवणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी दिसतात, कारण रौप्यवाल्याला हुकलेले सुवर्ण डोळ्यांसमोर दिसत असते. ही बोच खरी आहे आणि तिच्यातूनच पुढची मेहनत होते. लहान मुलासमोर ते वाक्य नको, हे मला मान्य आहे. पण मजल्यावरच्या भिंतीला आक्षेप का, हे मला समजत नाही.

उत्तर : कोपरीचा माजी कबड्डीपटू

घणसोलीकर, ती बोच मी स्वतः अनुभवली आहे. जिल्हा पातळीवर अंतिम सामना हरल्यावर आमच्यापैकी कोणी दोन दिवस धड जेवले नव्हते. परंतु ती बोच आमची होती. मैदानात आम्ही आपखुशीने उतरलो होतो, समोरचा संघ दिसत होता, नियम दोघांना सारखे होते. टार्गेट दुसरे कोणीतरी ठरवते. एकाला वाशीचा भाग मिळतो आणि दुसऱ्याला नुकतीच वस्ती होऊ लागलेला उलव्याचा. अशा ठिकाणी पहिला आणि दुसरा यांच्यातला फरक बरेचदा मेहनतीचा नसतो. खेळाची भाषा उसनी घ्यायची असेल, तर खेळातली बरोबरीही घ्यावी लागेल.

दुसरे येण्याची किंमत काय असते, हे नवी मुंबईत राहणाऱ्यांना तरी सांगायला नको. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर आपल्या महिला संघाने विश्वचषकाचा अंतिम सामना इंग्लंडविरुद्ध अवघ्या नऊ धावांनी गमावला. २२९ धावांचा पाठलाग करताना मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या होत्या आणि तरीही संघ २१९ वर बाद झाला. तो संघ परतला तेव्हा त्याला हरलेला कोणी म्हटले नाही. त्या सामन्यानंतर महिला क्रिकेटकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, घराघरांतल्या मुली बॅट हातात घेऊ लागल्या. हरमनप्रीत, स्मृती आणि दीप्ती त्या संघात होत्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उंचावताना त्याच तिघी मैदानात होत्या.

आणि खाशाबा जाधव? १९५२ मध्ये हेलसिंकीहून ते कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा गोळेश्वरच्या लोकांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. त्यानंतर ऑलिम्पिकचे वैयक्तिक पदक महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळाले ते थेट २०२४ मध्ये, पॅरिसला; तेही कांस्यच. ते मिळवणारा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेचा कर्मचारी. या वाक्याच्या हिशेबात दोघेही हरलेलेच ठरतात. तुमच्या वरिष्ठांना हे मान्य आहे का, एवढेच शांतपणे विचारा.

उत्तर : माजिवड्याची एचआर

दादा, भिंत आणि टी-शर्ट या दोन गोष्टी अर्जात वेगळ्या मांडा. जाहिरातमोहीम हा कंपनीचा अधिकार आहे. तिच्यावर टीका केली की मूळ विषय बाजूला पडतो. टी-शर्ट मात्र कर्मचाऱ्याच्या अंगावर असतो आणि ग्राहकाचा राग किंवा हिरमोड त्यालाच झेलावा लागतो. त्यामुळे पहिली मागणी एवढीच ठेवा की काउंटरवर, विशेषतः लहान मुलांच्या विभागात, कंपनीच्या नुसत्या बोधचिन्हाचा टी-शर्ट चालावा. दुकानात घडलेले प्रसंग तारीख आणि शाखेसह लिहून जोडा. तिथे विशेषणे वापरू नका.

अर्ज एकट्याच्या नावाने देऊ नका. २०१८ मध्ये नायकीच्या मुख्यालयातील महिला कर्मचाऱ्यांनी आपापसांत गुपचूप प्रश्नावली फिरवून वागणुकीविषयीचे अनुभव गोळा केले आणि ते थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवले. त्यानंतर अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांना जावे लागले. तुमचा विषय तितका गंभीर नाही, पण पद्धत तीच ठेवा. आणि तुमच्या त्या सहकारी ताईंना विचारल्याशिवाय त्यांचे उदाहरण देऊ नका.

पुन्हा ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. घणसोलीकरांचे म्हणणे आमच्यातल्या बऱ्याच तरुणांचे आहे, त्यामुळे त्यांच्यापैकी दोघांनाही मसुदा लिहायला सोबत घेतले आहे. टी-शर्टविषयी त्यांचेही दुमत नाही. भिंतीबद्दल एकमत झालेले नाही. त्यामुळे वाक्य पुसण्याऐवजी टार्गेटचा तक्ता तिथून दुसऱ्या भिंतीवर हलवावा, एवढीच विनंती अर्जात राहील. दुकानांतील प्रसंग तीन शाखांतून मागवले आहेत. सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगच्या आधी सह्या पूर्ण करून अर्ज एचआरकडे देणार आहोत.