दोन हजारांनी काय होतं?

कोविडमुळे फुटबॉल रिकाम्या मैदानांत खेळला जात होता, मग थोडे प्रेक्षक आत सोडले. तेव्हा सुमारे ५४ हजारांच्या मैदानात दोन हजार माणसं बसवून काय साधलं, हा प्रश्न पैशांच्या बाजूने रास्तच आहे. पण ६ डिसेंबर २०२० चा अ‍ॅनफिल्डवरचा सामना आठवा, लिव्हरपूलने आपल्या या घरच्या मैदानावर वुल्व्ह्जला ४-० हरवलं तो. महिनोन्महिने टीव्हीवरचा कृत्रिम गोंगाट ऐकल्यावर खरी दाद लगेच ओळखू येत होती.

मला खटकते ती वाटणी. इंग्लंडमध्ये तेव्हा त्या-त्या भागाच्या कोविड निर्बंधांच्या श्रेणीवर सगळं ठरायचं: पहिल्या श्रेणीत चार हजारांपर्यंत, दुसरीत दोन हजार, तिसरीत दारं बंद. म्हणजे लिव्हरपूलला घरचा पाठिंबा आणि जवळच्याच मँचेस्टरमधल्या क्लबांना रिकाम्या खुर्च्या. एकाच लीगमध्ये हे कसं चालतं? मे २०२१ मधल्या शेवटच्या दोन फेऱ्यांत दहा हजारांपर्यंत प्रेक्षक आले, पण निदान प्रत्येक क्लबच्या वाट्याला एक घरचा सामना आला. (पाहुण्या संघाचे चाहते तेव्हाही बाहेरच!)

आणि प्रेक्षकांनी निकालात फरक पडत नाही म्हणणाऱ्यांसाठी: प्रीमियर लीगच्या २०२०-२१ हंगामात यजमानांपेक्षा पाहुण्या संघांनीच जास्त सामने जिंकले. सगळं खापर रिकाम्या स्टँडवर फोडता येणार नाही, पण थोडं तरी फुटतंच.