मदत हवी आहे: सलग कापडाची वाकळ, सॅटिन घ्यावं की कॅम्ब्रिक?

तुकडे न जोडता, वर-खाली एकेक सलग कापड आणि मधे कॉटन वॅडिंग (कापसाचा थर) घालून मशीनवर वाकळ शिवायची आहे. तयार माप ६० बाय ९० इंच. दाट टिपांनी कापड आकसतं, म्हणून कापायचं ६६ बाय ९६. म्हणजे ४४ इंची पन्हा (कापडाची रुंदी) बाद. वरच्या कापडाला मधे जोड नकोच.

कॉटन सॅटिनवर चमकेमुळे टिपांची नक्षी उठून दिसते, पण ते सरकतं, धागेही ओढले जातात. घट्ट विणीच्या पॉपलिनवर टीप उसवली की सुईची भोकं राहतात. कॅम्ब्रिक, म्हणजे साध्या विणीचं पातळ सुती कापड, मधलं वाटतं. सुई ११ नंबर, धागा ५० नंबर कॉटन. बरोबर ना?

कापड आधी आटवून घ्यावं, की वाकळ झाल्यावर धुऊन सुरकुतू द्यावं? आणि मोठ्या पन्ह्याचं, बिनखळीचं कॅम्ब्रिक मीटरवर कोल्हापुरात मिळेल, की इचलकरंजीच गाठावी?