कोवॅक्सिनच्या यादीत नाव आलंय, स्टाफ नर्स आहे, घेऊ की थांबू?

रातपाळी | २४ जानेवारी २०२१

विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात स्टाफ नर्स आहे. कोविड वॉर्डात पाच महिने काढलेत, त्या किटमध्ये घामाने निथळत, त्यामुळे घाबरट म्हणू नका. बुधवारी लसीला या म्हणून मेसेज आलाय. राज्यात मोजक्याच सेंटरवर कोवॅक्सिन देतायत आणि आमचं नेमकं त्यात, बाकी सगळीकडे कोविशील्ड. आपल्याला निवडायचा चान्स नाही. वर कोवॅक्सिनसाठी वेगळं संमतीपत्र, त्यात सरळ लिहिलंय की परिणामकारकता अजून सिद्ध व्हायचीय, चाचण्यांचा तिसरा टप्पा चालू आहे. मी रोज नातेवाइकांच्या सह्या घेते आणि वर म्हणते की काही नाही हो, फॉर्मॅलिटी असते. आता पेन माझ्या हातात आलंय तर सही होईना.

आमच्या वॉर्डातल्या अकरा जणींपैकी चौघींनी घेतली. बाकीच्यांचं 'तू घे, मग बघू' चाललंय. दोघींनी अंगावर पाजतेय सांगून नाव काढून घेतलं, त्यातल्या एकीचा मुलगा चौथीत आहे 😄 मिस्टर म्हणतात, एवढी चांगली आहे तर आधी मंत्र्यांनी का नाही घेतली. यावर काय बोलू?

अर्धवट_डॉक्टर | २४ जानेवारी

ताई, मी रेसिडेंट आहे आणि मंगळवारी हीच घेतली, चिडून घेतली पण घेतली. दिल्लीत राममनोहर लोहिया हॉस्पिटलच्या रेसिडेंट लोकांनी पहिल्याच दिवशी पत्र दिलं ना, आम्हाला कोविशील्ड द्या म्हणून, त्यांचं काही चुकलं नाही. ३ जानेवारीला 'क्लिनिकल ट्रायल मोड' मध्ये परवानगी दिली, आता हा मोड म्हणजे नक्की काय ते आमच्या सरांनाही धड सांगता येईना. पण सुरक्षित आहे का आणि काम किती करते हे दोन प्रश्न वेगळे आहेत. कोवॅक्सिन म्हणजे मारलेला विषाणू, पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, वेगळा केलेला. रेबीजची लस याच पद्धतीची, ती आपण रोज टोचतो. पहिल्या दोन टप्प्यांत साडेसातशेच्या आसपास लोकांना दिली, तिसऱ्यात २५,८०० जणांची भरती झालीये. घातक असती तर एव्हाना दिसलं असतं. किती टक्के वाचवते ते मात्र कोणालाच माहीत नाही, आणि तुमच्या फॉर्मवर नेमकं तेच लिहिलंय. निदान खरं लिहिलंय.

सॅम्पलवाला | २५ जानेवारी

डॉक्टर, तुमचं ठीक आहे. मी लॅब टेक्निशियन, कंत्राटी. ऑगस्टमध्ये पॉझिटिव्ह होऊन गेलो, अँटीबॉडी आहेत, मग एवढी घाई कशाला? लस घेऊन ताप आला आणि दोन दिवस घरी बसलो तर दोन दिवसांचा पगार गेला, तो कोण देणार? म्हणायला ऐच्छिक आहे, पण ऑफिसातून रोज न घेणाऱ्यांची यादी फिरते. व्हॉट्सॲपवरच्या, नॉर्वेत लसीनंतर माणसं दगावली वगैरे बातम्यांवर माझा विश्वास नाही, पण नीट बसवून समजावून सांगणारा एक माणूस आला नाही इतक्या दिवसांत. नुसते मेसेज.

सुई_दोरा | २५ जानेवारी

मी एएनएम, म्हणजे नर्सच, ग्रामीण रुग्णालयात लस टोचायला बसते, आमच्याकडे कोविशील्ड. सॅम्पलवाले भाऊ, तुमचा पगाराचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आमच्या आशाताई पण हेच म्हणतात. पहिल्या दिवशी १०० नावं होती, आले ६१. आणि कोविशील्ड असून हे, तेव्हा ब्रँडचाच प्रश्न आहे असं नाही. राज्यातच २८५ सेंटरवर १०० प्रमाणे धरले होते, झाले १८ हजारांच्या आसपास. त्यात कोविन, म्हणजे लसीच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल, बंद पडलं म्हणून पुढचे दोन दिवस सगळंच थांबलं. यादीत रिटायर झालेल्या सिस्टर होत्या आणि रोज ड्युटीवर असणारा सफाईवाला नव्हता! एक व्हायल उघडली की दहा डोस चार तासांत संपवायचे, नाहीतर फेकायचे, म्हणून आम्ही फोन करकरून माणसं बोलावतो.

आमच्याकडे चित्र कशाने बदललं सांगू? एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांनी पहिली घेतली आणि दुसऱ्या दिवशी दंड चोळत ओपीडीत बसले. बस्स. चौथ्या दिवशी ८८ आले.

रातपाळी ताई, जाणार असाल तर उपाशी जाऊ नका, कसली ॲलर्जी असेल तर आधी सांगा, अर्धा तास तिथेच बसा, आणि दुसऱ्या दिवशी नाइट लावून घेऊ नका. आणि ती चौथीतल्या मुलाची आई, तिला म्हणावं की पाजणाऱ्यांना सध्या देतच नाहीयेत, पण नाव एकदा काढलं की परत घालायला आम्हाला किती उपद्व्याप होतात ते बघ 😅

रातपाळी | २९ एप्रिल

धागा वर काढतेय. २७ जानेवारीला घेतली, सही करताना फॉर्म दोनदा वाचला. हात दुखला, ताप नाही. दुसरा डोस २६ फेब्रुवारीला. ३ मार्चला कोवॅक्सिनच्या परिणामकारकतेचा ८१ टक्क्यांचा आकडा आला, त्याच्या दोन दिवस आधी पंतप्रधानांनी हीच लस घेतली, मग आमच्या उरलेल्या सातही जणी रांगेत, पाजणारीसकट. या महिन्यात वॉर्डची अवस्था सांगण्यासारखी नाही, एका बेडवर दोघं. मी पण पॉझिटिव्ह आले, तीन दिवस कणकण आणि खोकला, घरीच. लसीमुळे की नशिबाने, मला नाही माहीत.

सॅम्पलवाले, तुम्ही घेतली का? सांगा जरूर.

आणि मिस्टर काल दुपारी चारपासून कोविनवर बसलेत, वय ३८, एक मेपासून १८ च्या वरच्यांना चालू होणार ना. ओटीपीच येईना. मला विचारतात, तुमच्या हॉस्पिटलात ओळखीने काही होईल का?