स्पेसबार दाबला की पंक झालं?

गिरगावकर_बेसूर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "स्लीफर्ड मॉड्स म्हणजे खरा पंक." नॉटिंगहॅमचा दोघांचा बँड. अँड्र्यू फर्न लॅपटॉपचं बटण दाबतो, मग बाटली धरून डुलत बसतो. जेसन विल्यमसन शिव्या हासडतो. हसू येतं, कबूल. पण वाजवतंय कोण? आपल्या बँजो पार्टीतला ऑक्टापॅडवाला निदान हात तरी चालवतो!

ढणढणपूर: न्यूयॉर्कचे सुइसाइडसुद्धा दोघंच होते. ॲलन व्हेगा गळा फाडायचा, मार्टिन रेव्ह ऑर्गन आणि ड्रम मशीनवर. गिटार नाहीच. पहिला अल्बम १९७७चा, त्यांनाही पंकमधून काढणार का? आणि ऑक्टापॅडचं कौतुक आवर. १९८५चा पहिला ऑक्टापॅड स्वतःचा आवाज काढतच नव्हता, नुसता मिडी, म्हणजे दुसऱ्या यंत्राला 'वाजव' सांगणारा इशारा, सोडायचा. आठ बटणं, काठीने दाबायची.

गिरगावकर_बेसूर: काठी जोरात मारली की आवाज मोठा येतो, राजा. स्पेसबार कितीही बडव.

दादरचा_मिक्सर: तुमचं चालू द्या. लॅपटॉपवाल्यांचा खरा गुन्हा निराळाच आहे. हेडफोनच्या भोकातली स्टिरिओ पिन थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड, म्हणजे दोन तारांतला फरकच ऐकणाऱ्या, इनपुटला खुपसतात. मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. किक ड्रम आणि बेस दोन्हीकडे सारखे, म्हणून तेच गायब. उरतो नुसता रिव्हर्बचा घुमारा, आणि शिव्या साउंडवाल्याला. स्टिरिओच्या दोन मोनो पिना करणारी वाय-केबल घ्या, दोन डीआय (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जुळवून देणाऱ्या डब्या) लावा.

चाळ_नं_४: आणि चार्जर लावला की घूंऽऽ. अर्थिंगची पिन काढून टाका, मिटलं.

दादरचा_मिक्सर: मिटलं नाही, माणूस मिटेल! गायकाचे ओठ माइकच्या लोखंडी जाळीला चिकटलेले असतात. कुठे गळती असली तर करंट तिथूनच जाणार. असले सल्ले देऊ नका.

चाळ_नं_४: गणपतीत सगळे हेच करतात.

दादरचा_मिक्सर: करतात म्हणून बरोबर? आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर बहुतेक ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांचं वेटोळं. मग लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या. तरी राहिली तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय, त्याचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे केबलमधला अर्थ तोडणारं बटण, दाबा. लिफ्ट डीआयचा, भिंतीतल्या प्लगचा नव्हे. आणि त्या किंचाळणाऱ्यांना सांगा, माइकची जाळी मुठीत झाकू नका. मागचा आवाज रोखणारा माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि स्टेजवरचा मॉनिटर स्पीकर शिट्टी मारतो.

चाळ_नं_४: बरं बाबा, मास्तर. पिन नाही काढत.

गिरगावकर_बेसूर: एवढा कुटाणा असेल तर बटण दाबणं हीसुद्धा कलाच म्हणायची. फर्नची बाटली कुठल्या चॅनलला लावायची?

दादरचा_मिक्सर: टेबलाखाली. की-बोर्डात सांडली तर तुझा ऑक्टापॅडवाला बोलवावा लागेल.