‘तूही एक ठेवून दे’ असं मुलाला सांगावं का?

निशिगंध (धागाकर्ती)
माझा सहावीतला मुलगा महिना-दीड महिना डबा तसाच परत आणत होता. विचारलं की म्हणायचा, भूक नव्हती. परवा दप्तर धुवायला काढलं तर एक पट्टा ब्लेडनं कापलेला. खूप खोदून विचारल्यावर रडत रडत सगळं बाहेर आलं. वर्गातली तीन मुलं मधल्या सुट्टीत त्याचा डबा काढून घेतात, खाऊ देत नाहीत, ‘ढोल्या’ म्हणत पाठीत गुद्दे घालतात. बाकीचा वर्ग हसतो. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “मुलगे आहेत, मस्ती चालायचीच. तुमचा जरा हळवा आहे.” नवरा त्याला सांगतो, “जो हात लावेल त्याला एक ठेवून दे, परत कुणी वाटेला जाणार नाही.” मला हे पटत नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. तुम्ही काय केलं असतं?

गावठाण
तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. मी पाचवीत असताना वरच्या वर्गातला एक जण रोज पाण्याच्या टाकीपाशी अडवायचा. गुरुजींना सांगितलं, तर वर्गात माझंच नाव ‘चहाडखोर’ पडलं. शेवटी एक दिवस दप्तर गरकन फिरवलं आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. दुसऱ्या दिवसापासून तो प्रकार बंद. मार खाऊन गप्प बसणाऱ्या मुलाच्या मनात काय साचतं, ते मी भोगलंय.

खडू_फळा
एकोणीस वर्षं शिकवतेय. गावठाण, तुमच्यासमोर एक जण होता, इथे तिघे आहेत. शिवाय पहिला गुद्दा कुणाला दिसत नाही, उलटून मारलेला मात्र सगळ्यांना दिसतो. माझ्या वर्गातल्या एका अबोल मुलानं कित्येक महिने सोसून एके दिवशी कर्कटकाचं टोक दुसऱ्याच्या हातात खुपसलं. त्यालाही घरून हेच सांगितलेलं होतं. आता शाळेच्या दप्तरी हिंसक म्हणून नोंद आहे ती त्याची. ते आधीचे महिने कुठल्याच कागदावर नाहीत.

निशिगंध, त्या बाईंचं उत्तर चुकीचंच आहे. तोंडी सांगू नका. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, तारखा घाला, कापलेल्या पट्ट्याचा फोटो जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

रोखठोक
ज्याला त्रास होतोय त्यालाच का कामाला लावताय? त्या तिघांच्या हातात दाखला द्या, विषय संपला.

खडू_फळा
देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि मला ते योग्य वाटतं. अकरा वर्षांच्या मुलाला शाळेबाहेर काढून तो सुधारणार कुठे?

रोखठोक
म्हणजे मारणाऱ्याची जागा पक्की, आणि मार खाणाऱ्याचे आईवडील नवीन शाळा शोधत फिरणार. आमच्या भाचीचं हेच झालं. शाळा तिनं बदलली, त्रास देणाऱ्या मुली तिथेच दहावी झाल्या. १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या फक्त कॉलेजांपुरती नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, हयगय केली तर गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. किती शाळांनी हा कायदा उघडून पाहिलाय? जपाननं २०१३ मध्ये शाळेतल्या छळाविरुद्ध खास कायदा केला. ज्याला सोसावं लागतं त्याला यातना झाल्या का, यावर तिथे छळ ठरतो. ‘आम्ही मस्करी करत होतो’ ही सबब तिथे उरत नाही.

दूरदेशी
मी फिनलंडमध्ये राहते, म्हणून तिथली पद्धत सांगते. तुर्कू विद्यापीठानं ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला, २००९ पासून तो देशभरातल्या शाळांत गेला. त्यांचा सगळा भर बघ्यांवर आहे. दादागिरी करणाऱ्याला हवं असतं ते वर्गाचं हसू. हसणारे थांबले की त्याची गंमत संपते. प्रकरण निघालं की शिक्षकांचा ठरलेला गट आधी सोसणाऱ्याशी बोलतो, मग त्रास देणाऱ्यांशी आधी एकेकट्यानं. शिवाय वर्गात ज्यांचं ऐकलं जातं अशा दोन-चार मुलांना शांतपणे सांगतात, त्याच्यासोबत राहा.

गावठाण
तिथे जमत असेल. आमच्या पुतण्याच्या वर्गात बासष्ट मुलं, बाई एक, त्यातही त्या निवडणुकीच्या कामावर. गट कोण करणार? आणि तो होईपर्यंत पोरानं गुद्दे खायचे?

खडू_फळा
बासष्ट हा आकडा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण दूरदेशींनी सांगितलेली शेवटची गोष्ट बिनपैशाची आहे, मी केलीय. एका मुलीला त्रास होत होता. त्रास देणाऱ्या कुणाचं नाव न घेता दोन मुलींना म्हटलं, उद्यापासून डबा हिच्या बाकावर खा. पहिले दोन दिवस चिडवणं वाढलं. मग ओसरलं. दर वेळी असंच होतं असं नाही, एकदा त्या दोघींनाच त्रास सुरू झाला होता. म्हणून मधल्या सुट्टीत वर्गात मोठ्या माणसानं असावंच लागतं.

रोखठोक
हे सगळं करा, पण लेखी अर्ज आधी. तो नसेल तर उद्या शाळा म्हणेल, आम्हाला माहीतच नव्हतं.

निशिगंध
अर्ज दिला. शिपाई नुसता ठेवून घेत होता, मी आवक क्रमांक मिळेपर्यंत बाकावर बसून राहिले. रात्री मुलाला विचारलं, वर्गात हसत नाही असं कुणी आहे का? त्यानं लगेच एक नाव सांगितलं. डबा गेला त्या दिवशी या मुलानं त्याला अर्धी पोळी दिली होती म्हणे, कोणी बघत नसताना. त्याच्या आईला फोन केला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सोमवारपासून दोघं एका बाकावर बसतात. काल डब्यातली भाजी संपली होती. नवऱ्याचं मत बदललेलं नाही. गुरुवारी मुख्याध्यापकांनी त्या तिघांच्या पालकांसोबत बोलावलंय, तिथे तोही रजा टाकून येतोय.