मदत हवी आहे: आई छोट्या आलिशान क्रूझवर चढली आहे, पण फार संकोचली आहे

नमस्कार मंडळी,

माझी आई (वय ६८, मुक्काम नाशिक) आणि मावशी काल अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून ग्रीक बेटांच्या सात दिवसांच्या क्रूझवर निघाल्या. तिकिटं मावसभावाने काढून दिली. आई याआधी बोटीत बसली ती गंगापूर धरणावरच्या बोट क्लबमध्ये. २०१८ साली मुंबई-गोवा आंग्रिया क्रूझ सुरू झाली तेव्हा तिला न्यायचं ठरलं होतं, तेही राहून गेलं.

ही बोट लहान आहे. शे-सव्वाशे प्रवासी आणि कर्मचारी जवळजवळ तितकेच. आम्ही व्हिडिओ पाहिले होते पाच-सहा हजार माणसांच्या बोटींचे, म्हणून दोघींना बजावून पाठवलं होतं की रांगा असतील, एकमेकींना सोडू नका. रांग नव्हतीच. वर पाय ठेवताच कुणी गार, सुवासिक रुमाल हातात दिला, कुणी शॅम्पेनचा ट्रे पुढे केला. आई सरबत समजून घेणार होती, मावशीने थांबवलं, तर लगेच संत्र्याचा रस आला. खोलीत पोचल्या तेव्हा बॅगा आधीच तिथे. खोली सांभाळणारी मुलगी आईला नावाने हाक मारते. कपडे कपाटात लावून देऊ का, असंही तिने विचारलं. "माझ्या साड्या दुसऱ्याने कशाला लावायच्या गं? मी नको म्हटलं," आई मला फोनवर सांगत होती. रात्री जेवून परतल्या तर पलंग आवरलेला, पडदे ओढलेले, उशीवर चॉकलेट.

"कुणाच्या तरी मोठ्या घरी पाहुणे आल्यासारखं वाटतं," आई म्हणाली, "आणि पाहुण्याने किती मागायचं?"

माझी खरी अडचण इथे आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यात आईने चाळीस वर्षं आल्यागेल्याला जेवू घातलं. सिंहस्थात तर घर भरलेलं असायचं. कुणी उभं राहून वाढतंय आणि आपण बसून सांगतोय, हे तिला जमतच नाही. काल सूपमध्ये मासळी आहे असं कळल्यावर तिने ते नुसतं बाजूला सारलं आणि ब्रेड-सॅलडवर उठली. बुकिंगच्या वेळी शाकाहारी, अंडंही नको, असं स्पष्ट कळवलं होतं. पहिल्याच रात्री ती अर्धपोटी झोपली याचं मला फार वाईट वाटतंय. अशा बोटीवर जेवणाबद्दल नेमकं कुणाशी बोलायचं? मुख्य वाढप्याशी, की शेफला बोलावलं तर चालतं? साधा वरण-भात किंवा खिचडी सांगितली तर करून देतात का?

चढतानाच पासपोर्ट जमा करून घेतले, त्याने मावशी घाबरली आहे. बंदरांवरच्या कागदपत्रांसाठी बोटीचं ऑफिस ते ठेवतं हे मला माहीत आहे, पण छोट्या बोटींवर शेवटच्या दिवसापर्यंत ठेवतात का? सुटण्याआधी लाइफ जॅकेटची कवायत झाली, सात छोटे भोंगे आणि एक लांब. तेव्हाही ती धास्तावली होती. २०१२ च्या कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियमच कडक झाला, म्हणून सगळ्यांकडून करून घेतात, हे सांगितल्यावर शांत झाली.

एजियन समुद्रात या दिवसांत मेल्तेमी वारा असतो आणि लहान बोट जास्त हलते. खोली वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला आहे. मळमळायला लागलं तर खाली, मधल्या भागात जाऊन बसा, एवढं सांगितलंय. खोली बदलून मागणं शोभेल का?

परवा सँटोरिनी. तिथे पाणी इतकं खोल आहे की बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात आणि वर जायला केबल कार आहे. आईचे गुडघे दुखतात. हलत्या होडीत पाय टाकताना कर्मचारी नीट धरतात का? कुणी साठीपुढच्या आईवडिलांना नेलं असेल तर जरूर सांगा.

टिप भाड्यात धरलेली आहे. तरी खोली सांभाळणाऱ्या त्या मुलीच्या हातात काही ठेवल्याशिवाय आईला चैन पडणार नाही. नाशिकचा चिवडा आणि मनुका नेल्या आहेत, त्यातलं पाकीट दिलं तर तिला आवडेल ना?

समुद्रावर फोनचं नेटवर्क फार महाग पडतं, म्हणून त्या फोन बंद ठेवतात आणि बोटीच्या वायफायवरून रात्री एकदाच बोलतात. तिथले साडेसात, आपले दहा. आज त्याआधी कुणी लिहिलंत तर जेवणाचं तरी तिला आजच सांगता येईल.